बॅम्बर ब्रिजची एक रात्र

युद्धाच्या इतिहासात सेनापतींच्या योजनांना आणि रणांगणावरील पराक्रमाला मोठे स्थान मिळते. परंतु परमुलखात तळ देऊन राहिलेला शिपाई सायंकाळी छावणीबाहेर पडल्यावर कोठे जातो आणि कोणाच्या शेजारी बसतो, याची नोंद क्वचितच होते. तरीही एखाद्या सैन्याचा खरा स्वभाव कधी कधी अशा सायंकाळीच प्रकट होतो. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात, बॅम्बर ब्रिज नावाच्या लहानशा गावी, २४ जून १९४३ च्या रात्री तसेच घडले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लक्षावधी सैनिक ब्रिटनमध्ये उतरले. त्यांपैकी सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय होते. हिटलरच्या वंशाभिमानाविरुद्ध शस्त्र उचललेले हे सैन्य स्वतः मात्र वर्णभेदाने दुभंगलेले होते. पलटणी निराळ्या, भोजनगृहे निराळी. गावात जाण्याचे पासदेखील कित्येक ठिकाणी गोऱ्यांना एका रात्री, तर काळ्यांना दुसऱ्या रात्री मिळत. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला बहुधा ओझी वाहण्याची व रस्ते बांधण्याची कामे येत, आणि त्यांच्यावरील अधिकारी बहुतेक गोरेच असत. बॅम्बर ब्रिज येथील १५११ वी ट्रक रेजिमेंट याच प्रकारची होती.

गावकऱ्यांना ही रीत मानवली नाही. तेथील मद्यगृहांत हे शिपाई गावच्या लोकांबरोबर एकाच बाकावर बसत. मद्यगृहांतही वर्णभेद पाळला जावा, असा आग्रह अमेरिकन अधिकाऱ्यांनी धरला, तेव्हा ‘फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावून मालकांनी त्याला उत्तर दिले. ब्रिटिश गृहखात्यानेही सप्टेंबर १९४२ मध्येच, हा भेद अमलात आणण्याची जबाबदारी पोलिसांनी घेऊ नये, असे कळविले होते. मात्र त्याच ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातील कित्येक क्लबांत त्या काळी हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता, हेही विसरता येत नाही. गावाचे मन सरकारच्या मनाहून मोठे होते, एवढाच याचा अर्थ.

जूनच्या त्या आठवड्यात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी वांशिक दंगल उसळून ३४ माणसे प्राणास मुकली होती. ती वार्ता सैनिकांपर्यंत पोहोचली होती. अशा वेळी ‘ओल्ड हॉब इन’ या मद्यगृहापाशी दोन गोरे लष्करी पोलीस आले. कोणाजवळ पास नव्हता, कोणाचा गणवेश नियमाप्रमाणे नव्हता, कारण तेवढेच. शब्दाने शब्द वाढला. तेथे असलेल्या गावकऱ्यांनी व ब्रिटिश सैनिकांनी कृष्णवर्णीयांची बाजू घेतली. पोलीस निघून गेले, परंतु कुमक घेऊन परतले. रस्त्यावर झटापट झाली, गोळ्या सुटल्या आणि विल्यम क्रॉसलंड नावाचा शिपाई पाठीत गोळी लागून मरण पावला.

मध्यरात्रीच्या सुमारास मशीनगन बसविलेली गाडी छावणीत आली. आता आपल्याला टिपून मारणार, या समजाने शिपायांनी शस्त्रागारातील रायफली उचलल्या. ज्या गावाच्या आश्रयाला सर्वजण आले होते, त्याच्या अंधाऱ्या रस्त्यांवर एकाच ध्वजाखालील सैनिक पहाटेपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडीत होते.

पुढे लष्करी न्यायालयाने ३२ कृष्णवर्णीय सैनिकांना बंड व तत्सम आरोपांखाली दोषी ठरविले. परंतु फेरविचारात शिक्षा पुष्कळ कमी झाल्या, कारण दोष अधिकाऱ्यांच्या वागणुकीतही होता, हे लपण्यासारखे नव्हते. जनरल आयरा ईकर यांनी ट्रक पलटणींची फेररचना केली, नालायक अधिकारी दूर केले आणि लष्करी पोलिसांच्या गस्तीत गोऱ्यांबरोबर काळेही नेमले. सबंध सैन्यात समान वागणुकीचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला, तो २६ जुलै १९४८ रोजी. त्यानंतरही तो पुरता अमलात येण्यास काही वर्षे लागली.

युद्धकाळात या घटनेची वार्ता दडपली गेली. परंतु गावाने ती विसरू दिली नाही. २०२२ मध्ये त्या मद्यगृहासमोर एक स्मृतिउद्यान करण्यात आले. समतेवर व्याख्याने देणे बॅम्बर ब्रिजच्या त्या साध्या माणसांना जमले नसते. दिवसभर राबलेल्या परक्या शिपायाला त्यांनी आपल्या बाकावर जागा करून दिली, आणि जे सैन्य स्वातंत्र्यासाठी लढत होते त्याला तेवढीही जागा देणे जड का गेले, हा प्रश्न इतिहासापुढे उभा राहिला.