७००सी मधला ‘सी’

सायकलच्या टायरवर ‘७०० × २५सी’ असं छापलेलं असतं. इंजिनियर माणूस लगेच धरून चालतो की ७०० हा व्यास. पट्टी लावली की गडबड कळते. रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी, त्यात दोन्ही बाजूंचे २५-२५ मिळवले तरी ६७२च. मग ७०० आलं कुठून?

फ्रान्समधून. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर बनवला आणि पुढे फ्रेंचांनी मापांची झकास पद्धत बसवली. हवा भरलेल्या चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ७००, पुढचं अक्षर जाडीचं. ए सगळ्यात बारीक, सी जाड. टायर जाड तितकी रिम लहान: ए ६४२, बी ६३५, सी ६२२. आता ६२२ मध्ये ३९ दोनदा मिळवा. बरोब्बर ७००! म्हणजे ‘सी’ हे मुळात जाडजूड टायरचं नाव. (यातला बी आपल्या ओळखीचा आहे. दूधवाल्याची काळी, रॉड ब्रेकची, २८ × १½ टायरवाली सायकल आठवते? तिची रिम हीच ६३५. रोड बाइकचा टायर तिच्यावर चढायचा नाही.)

रेसवाल्यांनी रिम ६२२चीच ठेवली, टायर मात्र बारीक करत नेला. वजन कमी, वाऱ्याला आडवं कमी. १९९० च्या दशकात २०-२३ मिमी म्हणजे ब्रह्मवाक्य. टायरमागोमाग फ्रेमही आवळत गेली आणि ब्रेकही आखूड झाले. नेहमीच्या कॅलिपरची पोहोच जेमतेम ३९ ते ४९ मिमी. थोडक्यात, एका फॅशनचं माप धातूत आणि कार्बनमध्ये हार्डकोड झालं.

आणि ती समजूत तरी किती खरी होती? बारीक, टणक टायर गुळगुळीत ड्रमवर भारी पळतो. खऱ्या रस्त्यावर सायकल आणि आपण दोघंही थरथरतो, त्यात ताकद वाया जाते. यान हाइने यांच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ने २००० च्या दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन हे दाखवलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. २०१८ मध्ये यूसीआयने रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली, कॅलिपरची अडचण संपली आणि आता व्यावसायिक रेसर २८-३० मिमी सर्रास वापरतात.

असो. जुनी फ्रेम असेल तर टायर विकत घेण्याआधी चार जागा बघा: ब्रेकची खालची बाजू, फोर्कचा माथा, सीट ट्यूबची मागची बाजू आणि मागच्या चाकाशेजारच्या दोन नळ्या. छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, कारण रुंद रिमवर २५चा टायर २७ भरू शकतो. हवा भरून व्हर्नियरने मोजा. मी दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी मोकळे ठेवतो. चाक थोडं डगलं किंवा चिखल अडकला की टायर नळी घासतो, आणि कार्बनची नळी घासली गेली तर फ्रेमच जाते. माझ्या फ्रेममध्ये २८ बसत नाही. सध्या २५ आणि थोडी कमी हवा.