घरचा लेथ आणि १२७ दातांचं चाक

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा लोखंडी आहे. गेले चार महिने मी लेथ शोधतोय. हो, लेथच! धातू कातायचं मशीन, आणि तेही मिरारोडच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी. आठवडाभर जो कोड लिहितो त्यातलं काहीच हातात धरता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे बाबा. आयुष्यभर टर्नर म्हणून काम केलं, आता रिटायर झालेत आणि एकच पेपर दिवसातून दोनदा वाचतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, रविवारीसुद्धा लेथ?"

त्या एका वाक्यात बराच इतिहास आहे, म्हणून हा लेख.

लाकूड कातणारे कातारी आपल्याकडे पूर्वापार आहेत. पण तिथे हत्यार हातात धरतात, म्हणजे अचूकपणा कारागिराच्या मनगटात. धातूच्या बाबतीत हे अवघड जातं. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लीने हत्यार हातातून काढून सरकत्या लोखंडी बैठकीवर घट्ट बसवलं. ती बैठक लीड स्क्रूने पुढे ढकलली आणि तो स्क्रू गिअरने मुख्य स्पिंडलला जोडला. यातली एकेक कल्पना त्याच्या आधीही कुणी ना कुणी वापरली होती. मॉड्स्लीने त्या एका मजबूत मशीनमध्ये आणल्या. परिणाम? एकसारखे आटे पाडता येऊ लागले. त्याआधी बोल्ट आणि नट यांची जोडी ठरलेली असायची, एकाचा नट दुसऱ्याला बसेलच असं नाही. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं: कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा इंटरफेस स्टँडर्ड झाला :)

इंग्लंडमध्ये पुढे हे मशीन घरात शिरलं. १८९८ मध्ये 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू झालं. नोकरी सांभाळून घरी वाफेची छोटी इंजिनं बनवणारे लोक ते वाचत. १९३४ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये मायफर्ड कंपनी निघाली आणि १९४६ मध्ये तिचा प्रसिद्ध एमएल७ लेथ आला, खास अशा लोकांसाठी. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद झाली, पण ती मशीन्स अजून चालतात.

आणि आपल्याकडे? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमधली मास्तरकी सोडून बेळगावला गेले, भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले. १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी आली. पण हे सगळे लेथ कारखान्यांसाठी होते. घरासाठी कोण घेणार? मशीनची किंमत आणि टर्नरचा पगार यांचा मेळच बसत नव्हता. त्यामुळे तिकडे लेथ हा छंद झाला आणि इकडे पोटापाण्याचा धंदा. आमच्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, तिथल्या कुणाला सांगा की मी हौस म्हणून लेथ घेतोय! बाबांचं वाक्य तिथूनच येतं.

आता निवडीकडे. पर्याय दोन. एक, जुना देशी बेल्टवाला लेथ. आपल्याकडे तो बेडच्या लांबीवर विकतात, साडेचार फुटी, सहा फुटी वगैरे. भक्कम असतो, पण वजन शेकडो किलो. दुसरा, चाळीसेक किलोचा सात इंची चिनी मिनी लेथ. इथे मापांचा घोळ लक्षात ठेवा. सात इंच म्हणजे जास्तीत जास्त किती व्यासाचा तुकडा बेडवर फिरू शकतो ते. इंग्रज मात्र बेडपासून मध्यापर्यंतची उंची सांगतात. म्हणजे मायफर्डचे साडेतीन इंच आणि चिनी सात इंच कागदावर एकच!

दुसरी गोष्ट लीड स्क्रूची. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पण बऱ्याच देशी लेथचा लीड स्क्रू इंचातच राहिला, इंचाला चार आटे. म्हणजे एका आट्याला ६.३५ मिमी. त्यावर १ मिमीचा आटा पाडायचा तर गुणोत्तर येतं २० : १२७. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७, आणि १२७ ही मूळ संख्या आहे. त्यामुळे हे चाक नसेल तर अगदी अचूक मेट्रिक आटा पडत नाही. जुना लेथ बघायला गेलात तर आधी १२७ दातांचं चाक आहे का विचारा. मग चक, मग बेडची झीज. हेडस्टॉकजवळ बेड सगळ्यात जास्त झिजतो, कारण काम तिथेच होतं. हे बाबांनी शिकवलं.

माझा निर्णय झालाय. चौथ्या मजल्यावर शेकडो किलो चढवायचे नाहीत, आणि खालच्या काकूंची दुपारची झोपही मोडायची नाही. मिनी लेथच घेणार, मेट्रिक लीड स्क्रूचा. बाबांनी आधी "खेळणं आहे" म्हणून नाक मुरडलं. मग विचारलं, "स्पिंडलला प्ले किती आहे?" पुढच्या शनिवारी मशीन बघायला ते येतायत, स्वतःचा डायल गेज घेऊन. पास-नापास तेच ठरवतील.