सचिवपद आणि त्याची अर्हता

विद्यापीठातील अध्यापकपदाची जाहिरात मुख्यतः दोन गोष्टी सांगते : पद कोणते आणि त्यासाठी कोणती अर्हता हवी. उमेदवार कोणाचा पुत्र, हे तीत विचारले जात नाही. भोर-वेल्ह्याचा इतिहास पाहता ही साधी दिसणारी व्यवस्था किती दुर्घट आहे हे ध्यानात येते. कारण भोर संस्थान ज्यातून उद्भवले, ते मुळात एक लेखनाचे पद होते.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयी अण्णाजी दत्तो हे सचिव होते. सुरनीस या जुन्या पदाचे हे संस्कृत नाव. राजपत्रांतील अधिक-उणे शोधून मजकूर शुद्ध करणे, महाल-परगण्यांचे हिशेब तपासणे व कागदावर आपले चिन्ह करणे, ही सचिवाची कामे. अक्षर, भाषा व हिशेब यांवरील प्रभुत्व ही अर्हता कामातच अनुस्यूत होती. प्रधानपदे वंशपरंपरेने चालू देऊ नयेत, हे शिवाजीमहाराजांचे धोरण न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आवर्जून दाखविले आहे.

राजाराममहाराज जिंजीस असता शंकराजी नारायण गांडेकर यांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली मावळप्रांत सांभाळला व राजगड परत मिळविला. त्यांस सचिवपद मिळाले ते कर्तृत्वामुळे. १७०७ मध्ये शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ताराबाईंशी असलेले इमान आणि शाहूंचा हक्क या पेचात सापडून शंकराजींनी अंबवडे येथे स्वतःचा अंत करून घेतला. शाहूंनी सचिवपदाची वस्त्रे त्यांचा पुत्र नारो शंकर यास दिली. हा नवा सचिव अजाण बालक होता ! ज्याच्या नावे राजपत्रे शुद्ध व्हावयाची, त्यास अक्षरओळखही नव्हती. शाहूंस दोष देणे सोपे आहे. परंतु मावळातील किल्ले या घराण्याच्या हाती होते, आणि ते ताराबाईंच्या पक्षास जाऊ न देणे हे त्या घटकेस शुद्धलेखनाहून निकडीचे होते. तेथून पद घराण्याचे झाले. लेखणी मात्र दुसऱ्यांनी चालवावयाची. पुढे तर सचिव हे पदनाम राहिले आणि त्याचा धारक संस्थानिक झाला.

हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९४९ रोजी, पुणे विद्यापीठ स्थापन झाले. अध्यापकांची अर्हता ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने विद्यापीठ अनुदान आयोगास मिळाला, आणि १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली. जन्माची जागा परीक्षेने घेतली, हे लहान परिवर्तन नव्हे. तरीही एक उणीव राहतेच. भोरनजीकच्या कारीच्या जेधे घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केल्यापासून मावळातील घरोघरच्या दप्तरांचे मोल अभ्यासकांस कळले आहे. ही दप्तरे बहुतांशी मोडीत आहेत. इतिहासाची पात्रता परीक्षा मात्र उमेदवारापुढे मोडीचा एकही बंद ठेवीत नाही. शिवकालीन सचिवाच्या कचेरीत उमेदवारापुढे पहिल्याच दिवशी तोच ठेवला गेला असता.