मानमोडी, रक्ताची गुठळी आणि दहिसरची वेस

१० जून १९१८. मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. त्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस, बसऱ्याहून सैनिकांना घेऊन आलेले एक जहाज या बंदराला लागले होते. पुढे जी साथ पसरली तिला मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणत. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

दहिसर तेव्हा मुंबईत नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातले नदीकाठचे गाव; महापालिकेच्या हद्दीत ते १९५७ साली आले. दहिसरच्या घरांत झालेले मृत्यू त्या ७६८ मध्ये नाहीत. साथीचा कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या वेशीच्या आतला, हे आधी विचारावे लागते.

गावाला असते तशी वेस मृत्यूच्या कारणालाही असते. खेड्यांतले बहुतेक मृत्यू त्या काळी नुसत्या ‘ताप’ या सदरात जात. १९१८ मध्ये बहुसंख्य माणसे न्यूमोनियाने गेली, यात शंका नाही. पण ताप उतरू लागला असताना कोणी छातीत कळ येऊन कोसळला असेल, तर त्या मृत्यूचा धागा मानमोडीशी जोडायला कोणाकडेही साधन नव्हते.

ज्ञान अगदीच नव्हते, असे नाही. गुठळी रक्तवाहिनीत कशी बनते, हे जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकातच मांडले होते. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकूनही रोगी काही काळ जगू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये लिहिले; फारसे कोणी लक्ष दिले नाही. योगायोग असा की, रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याला अमेरिकेत विल्यम हॉवेल यांनी ‘हेपरिन’ हे नाव दिले ते १९१८ मध्येच.

दुवा प्रथम दिसला तो आकडेमोडीत. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ मध्ये दाखवले की, इन्फ्लुएंझाच्या साथी येतात तेव्हा हृदयविकाराच्या नावाखाली नोंदलेले मृत्यूही वाढतात. साथ स्वतःच्या नावावर कमी आणि इतरांच्या नावावर बरेच मृत्यू लपवते, असा त्याचा अर्थ. १९१८ च्या भारतीय नोंदींकडेही याच संशयाने पाहायला हवे.

शरीरात घडते ते असे. विषाणूशी लढताना दाह उसळतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर एरवी रक्त गोठू देत नाही. दाहामुळे त्याचा हा गुण कमी होतो. रक्तबिंबिका चिकट होतात. धमनीत आधीच साचलेला चरबीचा थर फाटू शकतो आणि तेथे गुठळी धरते. त्यातच तापाने हृदयाचे ठोके वाढतात, म्हणजे प्राणवायूची गरज वाढते, आणि आजारी फुप्फुसे नेमकी त्याच वेळी तो कमी पुरवतात.

२०१८ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच माणसांच्या इतर काळापेक्षा सुमारे सहापट आढळले. (सहापट म्हणजे फ्लू झालेल्या प्रत्येकाला झटका नव्हे, निरोगी तरुणाचा मूळ धोकाच अत्यल्प असतो.)

दोन वर्षांनी कोविड आला. जुलै २०२० मध्ये दहिसरला जंबो कोविड केंद्र उभे राहिले. देशभरच्या कोविड वॉर्डांत तेव्हा ‘डी-डायमर’ हा शब्द रुग्णांच्या नातेवाइकांनाही पाठ झाला होता, आणि गुठळी टाळण्यासाठी पोटाच्या कातडीखाली जे इंजेक्शन टोचत ते हेपरिनच्याच कुळातले.

रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर आज जो ‘नमुना ४’ भरतात, त्यात कारणाची एकच ओळ नसते. वर तात्काळ कारण, खाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण. वरच्या ओळीत हृदयविकाराचा झटका आणि खालच्या ओळीत विषाणू, असे लिहिता येते. १९१८ च्या दहिसरमध्ये ती खालची ओळ नव्हती.