शिंद्यांच्या पलटणीचा रंग

नेपोलियनकालीन लढायांचे पट मांडणाऱ्या छंदिष्टांना शिसे-कथिलाच्या बोटभर शिपायांत शत्रू-मित्र ओळखण्यास बहुधा रंग पुरतो : फ्रेंच निळा, इंग्रज लाल. हाच पट ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीनजीक पटपडगंजला झालेल्या लढाईसाठी मांडला, तर ही खूण निकामी ठरते. जनरल लेकच्या सैन्यातील ७६वी गोरी पलटण आणि कंपनीचे देशी शिपाई लाल डगल्यांत होते. परंतु द बॉयनने महादजी शिंद्यांसाठी उभारलेल्या कवायती फौजेतील तेलंग्यांचे डगलेही लालच असत. जुन्या शिपायाचा उडालेला रंग खरवडून नवा चढविणाऱ्याला भेद दाखवावा लागतो तो पागोट्यात, टोपीत, निशाणात. दिवाळीच्या किल्ल्यावरचा ढाल-तलवारीचा मावळा येथे उपयोगाचा नाही. तो सव्वाशे-दीडशे वर्षे आधीचा. दौलतराव शिंद्यांचे हे शिपाई बंदूक-संगीन चालविणारे होते, आणि त्यांचा सेनानायक लुई बुर्कां फ्रेंच होता. पराभवानंतर काही दिवसांतच तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

चित्रे उरली ती जेत्यांची. शिंद्यांची चाकरी सोडून १८०३ मध्येच कंपनीकडे आलेल्या जेम्स स्किनरचे पिवळ्या अंगरख्यांचे स्वार दिल्लीच्या गुलाम अली खानाने पुढे बारकाईने रंगविले. पटपडगंजला पडलेल्या तेलंग्यांना असा चितारी लाभला नाही. नोएडाच्या गोल्फ मैदानातील स्मारकस्तंभही लेकच्या विजयाचाच आहे.