२१ डिसेंबर १९०९ : कोटात मावणारे पिस्तूल

नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी या दिवशी गोळ्या झाडल्या. हातात होते ब्राउनिंग पिस्तूल. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून धाडलेल्या २० पैकी एक. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांची ही रचना कल्पक खरीच! रिव्हॉल्व्हरचे जाडजूड फिरते चक्र नाही; काडतुसे मुठीतल्या सपाट मॅगझिनमध्ये. बार उडाला की स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परतताना पुढचे काडतूस नळीत ढकलते. लपवायला सोपे, झाडायला झटपट. जॅक्सन यांच्या हत्येबद्दल कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे तुरुंगात फाशी झाली.