झाडावरच्या कोळ्याचे घर

दिवाळी जवळ आली की घराघरातून केरसुण्या उंच काठ्यांना बांधल्या जातात आणि आढ्याच्या कोपऱ्यातली जळमटे खाली येतात. कोळी आणि माणूस यांचा संबंध बहुधा एवढाच. एकाने घर बांधावे आणि दुसऱ्याने ते झाडून टाकावे! कोळ्याला आपण होऊन घर बांधून द्यावे, त्यात त्याच्या सोयी-गैरसोयींचा विचार करावा, त्याने ते पसंत करावे म्हणून वाट पाहावी, हे ऐकले तर आपल्या घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतील. परंतु जगात अशी माणसे आहेत, आणि आज त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात झाडांवर राहणारा एक मोठा केसाळ कोळी ते पाळतात. त्याचे पिल्लू आपल्या अंगठ्याच्या नखावर मावेल एवढे असते, आणि त्याला काचेच्या छोट्याशा बरणीत ठेवतात. ती बरणी कशी असावी याचे आज ठरून गेलेले शास्त्र आहे. दिसायला ते चार ओळींचे आहे. पण त्या चार ओळी कळायला माणसाला तीनशे वर्षे लागली. त्या तीनशे वर्षांची ही हकीकत आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. या जातीच्या कोळ्यांना सर्रास ‘टॅरँटुला’ म्हणतात. हे नाव इटलीतील तारांतो या गावावरून आले. तेथील शेतांत आढळणारा एक कोळी चावला म्हणजे माणसाने बेभान होऊन नाचावे, तरच विष उतरते, अशी समजूत होती, आणि ‘तारांतेला’ नावाच्या नाचाचा संबंध तिच्याशी जोडतात. मौज अशी की तो इटालियन कोळी निराळ्याच कुळातला. युरोपियन लोक अमेरिकेत गेले, तेथे त्यांनी तळहाताएवढे केसाळ कोळी पाहिले, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जे नाव आधी आले ते त्यांना देऊन टाकले.

या कोळ्याची जगाला खरी ओळख करून दिली ती एका बाईने. मारिया सिबिला मेरियान ही १६४७ साली फ्रँकफुर्टला जन्मली. सावत्र वडील चित्रकार. त्यामुळे रंग आणि कुंचले घरचेच. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. किडा अंड्यातून कसा निघतो, काय खातो, कोश कधी करतो, हे ती रोज पाही आणि लिहून ठेवी. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात असे शिकलेली माणसेसुद्धा मानीत. ही मुलगी मात्र डब्यांत सुरवंट ठेवून त्यांना ज्याची त्याची पाने खाऊ घालीत होती. प्राण्याला समजून घ्यायचे तर त्याला त्याच्या जागेसकट समजून घ्यावे लागते, हा धडा तिला त्या डब्यांनी दिला. तिच्या चित्रात फुलपाखरू कधी एकटे नसते. ज्या झाडावर ते वाढले ते झाड बरोबर असतेच.

१६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून तिने पैसे उभे केले आणि धाकटी मुलगी डोरोथेआ हिला बरोबर घेऊन ती जहाजाने सुरिनामला गेली. नवऱ्यापासून ती आधीच वेगळी झाली होती. सुरिनाम ही डचांची वसाहत. उसाचे मळे आणि त्यांत राबणारे गुलाम. गोऱ्या मळेवाल्यांना साखरेखेरीज कशात रस नव्हता. ही बाई किडे शोधते आहे याचे त्यांना हसू येई. तिला मदत झाली ती तेथील मूळ रहिवाशांची आणि गुलामांची. तेच तिला अळ्या आणून देत, वनस्पतींचे उपयोग सांगत. दोन वर्षांनी तापाने खंगून ती ॲमस्टरडॅमला परतली आणि १७०५ साली तिने साठ मोठ्या चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यातील अठरावे चित्र पेरूच्या फांदीचे आहे. फांदीवर मुंग्या आहेत, जाळी आहेत, आणि एक मोठा केसाळ कोळी एका इवल्याशा गुंजनपक्ष्याला उताणे पाडून त्याच्यावर चढला आहे. शेजारी त्या पक्ष्याचे घरटे आणि अंडी. चित्र पाहून युरोप दचकला. कोळी पक्षी खातो! पुढे १७५८ साली स्वीडनच्या लिनिअसने सर्व प्राण्यांना नावे दिली, तेव्हा या कोळ्याला त्याने ‘अव्हिक्युलॅरिया’ म्हटले. लॅटिन भाषेत ‘अव्हिक्युला’ म्हणजे लहान पक्षी. जर्मन आणि डच भाषांत या कोळ्यांना आजही ‘पक्षीकोळी’ याच अर्थाचे नाव आहे.

पण नाव राहिले आणि नाव देणारी बदनाम झाली. चित्रात चुका होत्याच. गुंजनपक्षी घरट्यात दोन अंडी घालतो, तिने चार दाखविली. तेवढे निमित्त पुरले. १८३४ साली विल्यम मॅक्ले या अभ्यासकाने पक्षी खाणाऱ्या कोळ्याविषयी शंका घेणारा लेखच लिहिला. मॅक्ले काही खोटारडा नव्हता. तो क्यूबात राहिला होता, आणि तेथील मोठे कोळी त्याने स्वतः पाहिले होते. हे कोळी जमिनीत बिळे करून राहतात, पक्षी धरण्याजोगी जाळी विणीत नाहीत, हे त्याने सांगितले. एवढेच नव्हे, तर कोळ्याच्या बिळात त्याने जिवंत गुंजनपक्षी सोडून पाहिला. कोळ्याने पक्षी खाल्ला नाही. उलट बीळ पाहुण्याला सोडून तो आपणच बाहेर पडला! यावरून मेरियानबाईंनी ऐकीव गोष्टीवर चित्र काढले असा निकाल लागला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मॅक्लेचे निरीक्षण खरे होते. चूक होती ती निष्कर्षात. त्याने तपासला तो बिळात राहणारा कोळी आणि निकाल दिला तो झाडावर राहणाऱ्याचा. विहिरीतल्या बेडकाला विचारून घारीची साक्ष खोटी ठरवावी तसा हा प्रकार! पुढे ऑस्ट्रेलियात गेल्यावर एका कोळ्याने लहान पक्षी धरलेला त्याने स्वतःच पाहिला आणि आपले मत मोकळेपणाने बदलले. पण तोवर बाईच्या नावाला बट्टा लागून गेला होता.

तो पुसला एका गिरणी-बाजारातल्या तरुणाने. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्लंडातील लेस्टर शहरी होजिअरीच्या धंद्यात उमेदवारी करणारा मुलगा. किडे गोळा करण्याचे वेड लागले आणि १८४८ साली तो आपला मित्र वॉलेस याच्याबरोबर ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला. वॉलेस चार वर्षांनी परतला. बेट्स अकरा वर्षे राहिला. कामेटा या गावी एका झाडाच्या खोडावर त्याला हालचाल दिसली. खोडाला खोल चीर पडली होती, चिरेवर दाट पांढरे जाळे ताणलेले, आणि त्याच्या फाटक्या भागात दोन चिमुकले पक्षी अडकलेले. एक मेलेला, दुसरा कोळ्याखाली धुगधुगीवर. कोळ्याचे अंग सुमारे दोन इंच, पाय पसरलेले सात इंच. १८६३ साली बेट्सचे पुस्तक निघाले आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पेरूच्या फांदीला साक्षीदार मिळाला.

त्याच पुस्तकात बेट्सने आणखी एक दृश्य टिपून ठेवले आहे. या कोळ्याच्या अंगावरचे केस गळतात आणि त्वचेत शिरले तर भयंकर आग होते. स्वतः बेट्स एकदा तीन दिवस तळमळला. आणि तेथेच एका इंडियन कुटुंबातली मुले असल्याच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवीत होती! पाळीव टॅरँटुलाची ही फार जुनी नोंद. पंडितांची सभा ज्याच्या अस्तित्वावर वाद घालीत होती, तो प्राणी मुलांच्या खेळात केव्हाच येऊन बसला होता.

आता काचेकडे वळू. १८२९ साली लंडनच्या धुरकट पूर्व भागात नथॅनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर राहत होता. एका पतंगाचा कोश त्याने ओल्या मातीसकट बाटलीत घालून झाकण लावले. पतंगाची वाट पाहता पाहता त्या मातीतून एक नेचा आणि गवताचे पाते उगवले. वॉर्डने बाटली तशीच ठेवली, आणि ती रोपे पाणी न घालता सुमारे चार वर्षे जगली. दिवसा ओल वर चढून काचेवर जमे, पुन्हा खाली ठिबके. यातून काचेच्या बंद पेट्या निघाल्या आणि त्यांतून जगभर रोपे हिंडली. चिनी चहाची रोपे रॉबर्ट फॉर्च्यूनने हिंदुस्थानात आणली तीही असल्याच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या कपाचे थोडे ऋण त्या पतंगाकडेही जाते म्हणायचे!

वनस्पतींना जी पेटी मानवली तीच प्राण्यांनाही मानवेल असे माणसाला वाटणे साहजिक होते. विसाव्या शतकात हौशी लोक झाडावरचे कोळी पाळू लागले, तेव्हा त्यांनी असाच हिशेब मांडला. कोळी ॲमेझॉनचा, ॲमेझॉन म्हणजे पाऊस आणि दमट हवा, तेव्हा पेटी बंद करा, भोके बुजवा, रोज पाणी फवारा. परिणाम असा झाला की मोठे कसेबसे तगत, पण पिल्ले पटापट मरत. काल हिंडणारे पिल्लू आज पाय आखडून पडलेले. पाळणाऱ्यांनी त्याला ‘अकस्मात मृत्यूचा विकार’ असे भारदस्त नावही देऊन टाकले. विकार बव्हंशी कोळ्यात नव्हता, पेटीत होता. अरण्यात पाऊस असतो हे खरे, पण झाडाच्या शेंड्याला वाराही असतो. जमिनीवरची कोंदट ओल आणि फांदीवरची वाहती हवा यांत जो फरक, तोच मॅक्लेच्या बिळात आणि बेट्सच्या खोडात होता. तीच चूक शंभर वर्षांनी काचेत पुन्हा झाली.

म्हणून आजची पेटी उभी असते, आडवी नाही. बोटभर पिल्लाला वीतभर उंचीची, चार बोटे रुंद बरणी पुरते. मोठी दिली तर त्याला भक्ष्य सापडत नाही आणि मालकाला पिल्लू! भोके दोन्ही बाजूंना पाडायची, म्हणजे हवा आरपार जाते. पण ती पिल्लाच्या अंगापेक्षा बारीक हवीत. तळाशी दोन बोटे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात बुचाच्या सालीचा तुकडा उभा, काचेला टेकून. वरच्या टोकाशी दोन-चार पाने, खोटी चालतात. पिल्लू त्या आडोशात नळीसारखे रेशमी घर विणते आणि बहुधा झाकणाच्या जवळच विणते; म्हणून शहाणे लोक दार वर न ठेवता बाजूला ठेवतात, नाहीतर दर वेळी झाकण उघडताना त्याचे घर फाटते. जाळ्यावर पाण्याचे चार थेंब, मग ते सुकू द्यायचे. खायला केळ्यांवर घोंगावणारी चिलटे, पुढे लहान रातकिडे. कात टाकायची वेळ आली की पिल्लू अन्न सोडते. तेव्हा उरलेला रातकिडा काढून घ्यायचा, कारण कोवळ्या अंगाच्या कोळ्याला रातकिडाच खातो. आणि त्याला हातावर घ्यायचे नाही. उंचावरून पडला तर त्याचे पोट फुटते.

हे सगळे परक्या देशाचे झाले असे वाटेल. पण आपल्याही रानांत असा कोळी आहे. पोसिलोथेरिया या गणाचे झाडावर राहणारे नक्षीदार कोळी भारत आणि श्रीलंका सोडून जगात कोठेही नाहीत. सह्याद्रीतील जुन्या झाडांच्या ढोल्यांत ते आढळतात. त्यांतील एकाचा रंग मोरपिसासारखा निळा. १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. तो मिळाला होता मुंबई-मद्रास लोहमार्गावरील गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. तोडलेल्या लाकडाबरोबर तो तेथे आला असावा, असे मानतात. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ साली आंध्रातील नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या रानात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तो पुन्हा सापडला. अवघ्या शंभर चौरस किलोमीटरहून कमी टापूत तो राहतो आणि २००८ साली त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. रंगाच्या मोहाने परदेशांत त्याला मोठी मागणी आली. २०१९ साली हा सारा गण आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात घेण्यात आला.

येथे या हकीकतीला एक चमत्कारिक वळण मिळते. युरोप-अमेरिकेतील काचेच्या बरण्यांत त्या निळ्या कोळ्याची पिल्ले आज पिढ्यान्पिढ्या जन्मतात. आणि ज्या ढोलीत तो खरा राहतो ते झाड सरपणासाठी पडते. बरणी कशी असावी हे माणसाने शिकून घेतले: उभी, हवेशीर, सालीचा आडोसा असलेली. नीट पाहिले तर ते एका जुन्या, पोकळ, वाऱ्यावर उभ्या असलेल्या झाडाचेच वर्णन आहे. मेरियानबाईंनी कोळी रंगविला तो पेरूच्या फांदीसकट. झाड वेगळे काढून कोळी दाखविता येत नाही, हे त्या बाईला ठाऊक होते. आपण तेवढे लक्षात ठेवले, तर आंध्रातल्या त्या लहानशा रानाला अजून वेळ आहे.